डावीकडची हवा

माझा एक पाय फळीवर होता, तेवढ्यात भालू नाखवा होडीतून ओरडला, “ए बाय, तिथंच! तिथंच थांब!”

मला वाटलं फळी सरकतेय. पाय मागे घेतला, हत्यारांची पेटी जेटीवर ठेवली. “काय झालं?”

“झाला काय नाय. आमच्या होडीवर बाई चढत नाय.”

“अहो, मी कंपनीतून आलेय. चिपळूणहून. सुकाणूची तक्रार तुमचीच ना?”

“आमचीच. तिसऱ्यांदा केलीय. मागं दोन टायमाला तो शैलेश आलेला. त्याला का नाय पाठवला?”

शैलेशला का नाही पाठवलं, याचं उत्तर मी होते.

बाळंतपणाची सहा महिन्यांची रजा संपवून कामावर येऊन मला तीनच आठवडे झाले होते. तीन आठवडे बेंद्रे साहेब मला टेबलापासून हलू देत नव्हते. “अगं, एवढंसं बाळ आहे तुझं, कुठे बंदराबंदरांवर फिरतेस?” म्हणजे माझी काळजीच. आणि काळजीशी भांडता येत नाही. शेवटी एकदा मी म्हटलं, “साहेब, डिप्लोमा मी मशिनचा केलाय, टेबलाचा नाही.” ते हसले आणि त्यांनी ‘रत्नप्रभा’ची फाइल माझ्यापुढे सरकवली. “ही मिटवून ये. शैलेश दोनदा जाऊन आला, आठ दिवस चालतं आणि परत तेच. मिटवलीस तर साइटचं काम तुझं. नाही मिटली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही.”

म्हणून सकाळी सहाच्या एसटीनं निघाले होते. रेवाला सासूबाईंच्या मांडीवर ठेवताना ती झोपेतच ओठ हलवत होती. आणि आता खाजणवाडीच्या जेटीवर, पौषाच्या स्वच्छ उन्हात, दहा पावलांवर ‘रत्नप्रभा’ उभी होती आणि मला तिच्यावर पाय ठेवायला बंदी होती.

“मग काम कसं करू मी?”

“खालनं सांग. आमी वर करतो,” भालू नाखवा म्हणाला. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. आवाजात तिरसटपणा नव्हता, हाच त्रास होता. उद्या सोमवार आहे, असं सांगावं तसा तो सांगत होता. “भरती अडीचला. बर्फ भरलाय, डिझेल भरलाय, सात माणसं जायची हाईत. अडीचपर्यंत सुकाणू झाला पायजे.”

नऊ वाजून गेले होते.

आमच्या कंपनीचं काम काय, ते सांगते, म्हणजे माझी तडफड कळेल. होडीचं चाक पुढे केबिनमध्ये असतं आणि सुकाणू पार मागे, पाण्यात. मध्ये तीस-पस्तीस फूट. पूर्वी हे अंतर साखळीनं जोडायचे. साखळी गंजायची, अडकायची, हात भरून यायचे. आम्ही साखळी काढून दोन नळ्या टाकतो, नळ्यांत तेल भरतो. चाकाला पंप, सुकाणूला सिलिंडर. इथे चाक फिरवलं की तेल पुढे ढकललं जातं आणि तिथे सिलिंडरमधला दांडा सरकून सुकाणू वळवतो. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून इथला हुकूम तिथे जसाच्या तसा पोचतो. हवेचं तसं नाही. नळीत हवा शिरली की तुम्ही चाक फिरवत राहता, आत हवा नुसती अंग चोरते आणि मागे सुकाणू ढिम्म.

‘रत्नप्रभा’च्या नळ्यांत हवा शिरत होती. शैलेशनं ती दोनदा काढली होती. ती पुन्हा कुठून येत होती, ते कुणालाच माहीत नव्हतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक चाकावर, एक मागे सिलिंडरपाशी. चाकावरच्यानं हळूहळू फिरवत राहायचं, मागच्यानं निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करून आतली हवा बाहेर सोडायची आणि चाक थांबायच्या आत निपल बंद करायचा. उशीर झाला तर बाहेरची हवा आत. दोघांच्या हातांत एक श्वास असावा लागतो. इथे दोघांच्या मध्ये मी होते, जेटीवर उभी, आणि दोघांनाही माझं अर्धंच ऐकू येत होतं.

चाकावर भालू नाखवा. मागे दगडू नावाचा खलाशी, पन्नाशीचा, कानाला जरा जड.

“नाखवा, डावीकडे फिरवा! सावकाश! दगडूभाऊ, डावा निपल सोडा!”

“कुठचा?”

“डावा!”

“तुमचा डावा की माजा डावा?”

“होडीचा डावा!”

“होडी तर उलटी लागलीय मॅडम!”

बाजूला जाळी विणत बसलेले पाच-सहा जण खोखो हसले. त्यातला एक म्हणाला, “नाखवा, आता लाऊडस्पीकर बांधा पिछाडीला. बाईच्या आवाजावर होडी चालवा.”

“चालंल की,” दुसरा म्हणाला. “घरात चालतंच हाय त्याचा.”

मीही हसले. न हसून काय करणार? पण पेटीत हत्यारं होती, माझ्या हातांत सवय होती, आणि दोन्हींचा काही उपयोग नव्हता. जे काम मी पंधरा मिनिटांत केलं असतं त्याला दोन तास लागले. दगडू निपल उघडायचा आणि बंद करायला विसरायचा. भालू नाखवा सावकाश म्हटलं की थांबायचा आणि थांबा म्हटलं की जोरात फिरवायचा. तेलाचे दोन डबे मी आणले होते, त्यातला एक जवळजवळ होडीच्या फळ्यांवर सांडला. साडेअकराला उजव्या बाजूनं स्वच्छ तेल आलं. डावीकडून बुडबुडेच.

“अजून बुडबुडे?”

“फेसच हाय मॅडम. साबणावानी.”

“पुन्हा.”

पुन्हा केलं. उजवीकडे स्वच्छ, डावीकडे फेस. तिसऱ्यांदाही तेच.

“बाय,” भालू नाखवा केबिनच्या खिडकीतून डोकं काढून म्हणाला, “शैलेशला तासाभरात जमलेला.”

“शैलेश होडीवर होता, नाखवा.”

“तो पुरुष माणूस.”

माझ्या मनात तेव्हा जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जेटीवर माझ्यापासून दोन हातांवर एक म्हातारा बसला होता. सकाळपासून. नाखव्याचे वडील, हिराजी आबा. दोराच्या वेटोळ्यावर बैठक मारून, गुडघे छातीशी घेऊन, डोळे होडीच्या पिछाडीवर. एवढा वेळ त्यांनी तोंड उघडलं नव्हतं. आता म्हणाले, “होडीला माज्या बायकोचा नाव हाय.”

“रत्नप्रभा?”

“हां. ती पन नाय चढली कधी. पाच होड्या झाल्या आमच्या. एकीवर नाय.”

“तिला चढावंसं वाटलं नाही?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “इचारला नाय कोनी,” म्हणाले आणि पुन्हा पिछाडीकडे बघू लागले.

बाराच्या सुमाराला कुणाचं तरी पोर रडलं. जेटीच्या टोकाला मासळी वाळत घालणाऱ्या बायका होत्या, त्यांच्यापैकी कुणाचं तरी. ते रडलं आणि माझ्या छातीत कळ आली. सहा तास झाले होते. मी ओढणी पुढे ओढून घेतली, पण कुडता भिजला तो भिजलाच. इकडे दगडू विचारत होता, “मॅडम, आता काय सोडू?” आणि मी दोन्ही हात छातीशी घट्ट धरून उभी.

“या इकडं,” असं म्हणत एका बाईनं माझा दंड धरला. वनिता वहिनी, नाखव्याची बायको. त्यांनी मला आईसबॉक्सच्या खोलीमागे नेलं, पाट दिला, आणि स्वतः पाठ करून दारात उभ्या राहिल्या. “किती म्हयन्यांचा?”

“मुलगी आहे. साडेसहा.”

“कोनाजवळ हाय?”

“सासूबाई आहेत.”

“पीळ आनि फेक. लाजू नको. आमी पन बाजारात असंच केलाय.”

दूध भिंतीवर फेकताना मला रडू आलं. चिपळूणमध्ये रेवा बाटलीशी भांडत असणार आणि इथे तिचं पोट भरणारं सगळं पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवरून ओघळत होतं. कशासाठी? साइटसाठी. जिथे मला उभंही करत नव्हते त्या साइटसाठी.

“वहिनी, होडी कुणाच्या नावावर आहे?”

“माज्याच. अनुदानाला बायकोच्या नावावर बरी पडते.” त्या हसल्या. “मालकीण मी. कागदावर.”

“मग तुम्हीच मला चढायला सांगा ना.”

त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, “आज सांगीन गो. तू जाशील चिपळूणला. दहा दिसांनी मासळी कमी गावली तर मना आयकावा लागेल, बाई चढली म्हणून. जन्मभर आयकावा लागेल.”

त्यांच्यावर रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

पाटावर बसल्या बसल्या मी डोळे मिटून सिलिंडर आठवला. हातात धरून शेकड्यानं जोडलेले सिलिंडर. डावीकडूनच हवा का? त्याच बाजूनं दांडा बाहेर येतो. जिथून दांडा बाहेर येतो तिथे रबराचं कडं असतं, आम्ही त्याला सील म्हणतो. ते झिजलं तर तेल फारसं गळत नाही, पण दांडा आत ओढला जाताना बाहेरची हवा आत येते. हवा नळीतून येतच नव्हती. शैलेशनं नळ्यांचे सगळे जोड दोनदा आवळले होते. सीलवर बोट ठेवलं नव्हतं.

मी धावतच जेटीवर आले.

“दगडूभाऊ, दांडा पुसून घ्या. कोरडा. आता जिथून तो बाहेर येतो तिथे बोट फिरवा. बघू नका, नुसतं बोट फिरवा. गोल.”

“फिरवला.”

“सगळीकडे सारखं लागतंय?”

“नाय. एका अंगाला गुळगुळीत, दुसऱ्या अंगाला फट लागते. नख जातंय.”

“कुठल्या अंगाला?”

“जेटीच्या. आनि दांड्यावर काय तरी चिकाटलाय… निळं निळं तंतू. जाळ्याचं असतील.”

एका अंगाला. सील गोल झिजतं, सगळीकडून सारखं. एका अंगाला झिजलं याचा अर्थ दांडा कुणीतरी बाजूला ओढत होतं. रोज ओढत होतं. कुणी? कशानं?

मी विचारायला लागले. होडीवर असते तर बघितलं असतं, बघता येत नव्हतं म्हणून विचारत सुटले. “दांड्यावर पाय देता का? जाळी ओढताना दोर तिथून जातो का? बर्फाच्या पाट्या ठेवता का?” दगडू प्रत्येक वेळी नाही म्हणाला. “बंदरात लागल्यावर मागे काय करता?”

“काय करनार? घरी जातो, जेवतो, झोपतो.”

“मग होडीवर कोण असतं?”

“कोन नाय. आबा जातात संध्याकाळचं, नजर टाकून येतात.”

मी वळून पाहिलं. आबा माझ्याकडेच बघत होते. ते ज्या दोरावर बसले होते तो निळा नायलॉनचा होता.

त्यांना कळलं की मला कळलं. त्यांनी दोर झाकला नाही, उठलेही नाहीत. फक्त ओठ न हलवता बोलल्यासारखे बोलले, “बाय, सांगू नको.”

“आबा, तुम्ही दांडा बांधता?”

“सुकानू मोकळा ठेवतात काय कधी? रातभर लाटेवर आपटत र्‍हाते. पन्नास वर्सं बांधला. रातचा बांधायचा, पहाटं सोडायचा. गुराला बांधतात तसा.”

“पण या सिलिंडरला बांधायची गरज नाही. तो जागच्या जागी—”

“भालू पन ह्याच बोलला. बांधू नको बोलला. आनि बोलला, परत दिसलास बांधताना तर होडीवर पाय ठेवू देनार नाय.”

“बाय!” केबिनमधून नाखवा ओरडला. “काय समाजला काय?”

मला समजलं होतं. दोन फेऱ्यांत कंपनीला जे सापडलं नव्हतं ते मला सापडलं होतं, तेही लांबून. जेटीवरच्या सगळ्यांसमोर ते ओरडून सांगायला माझी जीभ नुसती शिवशिवत होती.

“सील झिजलंय!” मी ओरडले. “बदलायचंय. माझ्या पेटीत आहे.”

सील बदलणं म्हणजे पुन्हा तोच तमाशा. पेटी फळीवरून वर गेली, मी खालीच. “टोपण उलटं फिरवा. दांडा पूर्ण बाहेर येऊ देऊ नका. जुनं काढताना स्क्रूड्रायव्हर नको, ओरखडा पडेल, लाकडाची काडी घ्या. नवीन सीलला एका बाजूला ओठ आहे, पातळ कड. ती कड तेलाकडे, आतल्या बाजूला.” दगडूनं बसवलं. मी विचारलं, “कड कुठे आहे?” तो म्हणाला, “बाहेर. तुमच्याकडं बघतेय.” पुन्हा काढायला लावलं. दीड वाजला. बर्फ वितळतोय, असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. नाखवा चाकावर हात ठेवून चढत्या पाण्याकडे बघत होता.

मग पुन्हा हवा. उरलेला एक डबा, त्यातलंच सगळं भागवायचं. या वेळी मी ओरडले नाही. मी हात वर केला. हात डावीकडे, म्हणजे चाक डावीकडे. मूठ उघडली, निपल सोड. मूठ वळली, बंद. केबिनमधून नाखवा आणि पिछाडीवरून दगडू, दोघंही माझ्या हाताकडे बघत होते. जाळीवाल्यांचं हसणं कधी थांबलं ते मला कळलं नाही.

“फेस… फेस…” दगडू म्हणत होता. “कमी झाला… आला! तेल आला मॅडम, सोच्छ!”

मी मूठ वळली. नाखव्यानं चाक उजवीकडे फिरवलं, डावीकडे फिरवलं. पाण्याखाली सुकाणूचं काळं पातं वळलेलं मला जेटीवरून दिसलं. चाकाबरोबर, लगोलग.

“हाताला आला!” नाखवा केबिनमध्ये हसत होता. “गच्च आला! बाय, जिंकलीस!”

दोन वाजले होते. खलाशी चढायला लागले, पाट्या, भांडी, पाण्याची पिंपं. मी आबांजवळ जाऊन खाली बसले.

“आबा, ऐका. आजपासून बांधायचं नाही. एकदाही नाही. हे सीलही तसंच फाटेल. आणि भर दर्यात सुकाणू गेलं तर वर सात माणसं आहेत. तुमचा मुलगा आहे.”

“नाय बांधनार.”

“शपथ घ्या.”

“कोनाची घेऊ?” ते होडीच्या नाळेकडे, पुढच्या टोकाकडे बघत होते, तिथे लाल रंगात नाव लिहिलं होतं. “तिची घेतो.” मग म्हणाले, “जाळं त्यानं घेतला, चाक त्यानं घेतला. बरोबर हाय, माजं डोळं गेलं. येक ह्या संध्याकाळचा बांधनाच र्‍हायला होता. आता वर जाऊन करू काय मी? आनि तू त्याला सांगितलास तर ता पन नाय. खाली उभा र्‍हायचा.” त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तुला ठाऊक हाय कसा वाटता ता.”

मला ठाऊक होतं. नऊ वाजल्यापासून तेच करत होते.

मी पेटीतून एक मऊ कापड काढून त्यांच्या हातात दिलं. “रोज संध्याकाळी दांडा यानं पुसायचा. त्यावर मीठ राहिलं की रबर खातं. आणि केबिनमध्ये पंपाच्या टोपणात बोट घालून तेल बघायचं. पहिल्या पेरापर्यंत लागलं पाहिजे. कमी वाटलं तर त्याच दिवशी भालूदादांना सांगायचं. हे खरंच करावं लागतं आबा, मी उगीच नाही सांगत. कुणी करत नाही.”

“पैल्या पेरापर्यंत,” त्यांनी आपलं बोट पुढे धरून बघितलं. जाड, वाकडं बोट होतं. “माज्या की तुज्या?”

“तुमच्या.”

नाखवा फळीवरून खाली आला, हात पुसत. “बाय, कागद आन तुजा, सही देतो. पन सांग, कशानं झाला ता?”

आबा कापडाची घडी घालत होते.

“सील झिजलं होतं.”

“ता ऐकला. आठ म्हयन्यांत झिजला? तुमी पाच वर्सांचा सांगता.”

“होतं कधीकधी.”

“मंजे माल हलका.”

मी पेटीतून कागद काढून त्याच्यापुढे धरला. माझ्या हातांनी जोडलेला सिलिंडर होता तो, पोटात रेवा असताना. त्या सीलमध्ये काहीही हलकं नव्हतं.

“गप बसलीस मंजे हलका,” नाखवा म्हणाला. त्यानं माझ्या पेननं सर्व्हिस रिपोर्टवर सही केली आणि ‘ग्राहकाचा शेरा’ या रकान्यात, शाळेत शिकलेल्या स्वच्छ अक्षरात, वेळ घेऊन लिहिलं. घाईत मी ते वाचलं नाही. अडीचला ‘रत्नप्रभा’ सुटली, खाडीच्या मुखाशी झोकात वळली आणि बाहेर पडली. वनिता वहिनींनी मला सुक्या कोळंबीचे सोडे बांधून दिले. मी एसटीत बसले, तेव्हा कागद उघडला.

*रबर हलक्या दर्जाचे निघाले. काम झाले. कंपनीच्या बाई होडीवर चढल्या नाहीत, आमच्या माणसांनी केले.*

सगळं खरं होतं. खोटं एकच होतं, आणि ते माझं होतं.

घरी पोचले तेव्हा रेवानं आधी तोंड फिरवलं. मग अशी बिलगली की दात नसलेल्या हिरड्यांनी चावलीच. मला आठवतं, त्या दुखण्यानंसुद्धा बरं वाटलं होतं. आता ती पहिलीत आहे आणि मला विचारते, तू ऑफिसात बसून होड्या कशा दुरुस्त करतेस? मी सांगते, फोनवरून. ते खरं आहे. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या होड्यांचे तांडेल मला फोन करतात. “निपल सोडा, कड आत ठेवा, बोट फिरवून बघा.” त्या कामात माझ्याइतकं कुणी तयार नाही, असं बेंद्रे साहेबच सांगतात. बंदरावर मात्र मी त्यानंतर कधी गेले नाही. त्या दिवसानंतरच्या मार्चमध्ये शैलेशला ‘रत्नप्रभा’ बघायला पाठवलं होतं. त्यानं लिहून आणलं, सगळं व्यवस्थित, दांडासुद्धा आरशासारखा स्वच्छ. फाइलवर आजही आहे: शैलेशच्या भेटीनंतर तक्रार नाही.

पण ते पुढचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बेंद्रे साहेबांनी तो कागद दोनदा वाचला.

“रबर हलकं?”

“झिजलं होतं, साहेब.”

“आठ महिन्यांत आपलं सील झिजत नाही. ह्या लोकांनी काहीतरी केलं असणार. दांड्यावर पाय देतात, दोर-बिर बांधतात. वर गेली असतीस तर दिसलं असतं.”

“शैलेश दोनदा वर गेला होता.”

“म्हणून तर तुला पाठवलं! आणि हे काय, चढली नाहीस?”

“चढू दिलं नाही.”

“मग तिथून फोन करायचास. शैलेशला लावून दिला असता.” त्यांनी चष्मा काढला. आवाज काळजीचाच होता. “हे बघ, तुझा दोष नाही. पण ग्राहक लिहून देतो माल हलका, बाई चढल्या नाहीत. मी वर काय सांगू? निदान कारण तरी आणायचंस. कारण सापडलं असतं तर मी भांडलो असतो तुझ्यासाठी.”

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. खालचा एक रकाना मी मोकळा सोडला होता. *बिघाडाचे मूळ कारण सापडले का? होय / नाही.* ‘होय’ असेल तर खाली तीन ओळी. त्याची एक प्रत ग्राहकाला जाते, पोस्टानं, नावावर. म्हणजे वनिता वहिनींच्या नावावर, आणि उघडणार भालू नाखवा.

“भर ना,” साहेब म्हणाले. “कालची तारीख घाल.”

मी तारीख घातली. मग पेन ‘होय’वर नेलं. तिथे थोडा वेळ धरलं, इतका की शाईचा एक ठिपका पडला. तीन ओळी लागल्याच नसत्या, एका ओळीत मावलं असतं.

मी ‘नाही’वर खूण केली आणि खाली सही केली, पूर्ण नावानं.

साहेबांनी कागद फाइलला लावला आणि शैलेशला हाक मारली.